कीटोनच्या क्षपणासाठी मुख्य गणातील उत्प्रेरक : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर 2024

8 जुलै 2024

प्रकल्पाचा आराखडा आज आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मान्य केला. पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम अशा संक्रमणी धातूंवर चालणारी क्षपणाची (रेणूला हायड्रोजन जोडण्याची) कामे बोरॉन, लिथियम, कॅल्शियम अशा मुख्य गणातील मूलद्रव्यांकडून करून घेता येतात का, आणि येत असतील तर ती खरोखर त्याच मूलद्रव्याकडून होतात का, हे तपासणे हा आमचा उद्देश आहे. या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला आराखड्यात पहिल्याइतकीच जागा दिली आहे. तो मॅडमचा आग्रह होता आणि तो मला मनापासून पटला.

पार्श्वभूमीचे आकडे एकदा इथे लिहून ठेवतो. भूकवचात वजनाने सिलिकॉन सुमारे 28 टक्के, ॲल्युमिनियम सुमारे 8 टक्के आणि कॅल्शियम सुमारे 4 टक्के आहे, तर ऱ्होडियम आणि इरिडियम यांचे प्रमाण अब्जात एक भाग किंवा त्याहूनही कमी आहे. शिवाय हे दुर्मीळ धातू मोजक्याच ठिकाणी सापडतात. ऱ्होडियम आणि प्लॅटिनमचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतून, तर पॅलेडियम मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येते. तारापूर, कुरकुंभ, रोहा या औद्योगिक वसाहतींमध्ये औषधांचे मूळ घटक तयार होतात आणि तिथे उत्प्रेरकाच्या किमतीइतकीच चिंता त्याच्या अवशेषाची असते. तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे, आणि ती पाळण्यासाठी शुद्धीकरणाचे वेगळे टप्पे घालावे लागतात. मात्र त्याच तक्त्यात लिथियमलाही 550 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. मूलद्रव्य विपुल आहे म्हणून त्याच्या अवशेषाकडे दुर्लक्ष करता येईल, असे नाही.

15 जुलै 2024

आठवडाभर जुने शोधनिबंध वाचले. संक्रमणी धातू उत्प्रेरक म्हणून इतके उपयोगी का ठरतात, याचे मूळ त्यांच्या डी-कक्षकांत (अणूतील इलेक्ट्रॉनांच्या विशिष्ट जागांत) आहे. धातूच्या एकाच अणूवर रिकामा कक्षक आणि भरलेला कक्षक ऊर्जेने जवळजवळ असतात. हायड्रोजनचा रेणू जवळ आला की त्याच्या बंधातील इलेक्ट्रॉन रिकाम्या कक्षकाकडे झुकतात, आणि त्याच वेळी भरलेल्या कक्षकातील इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या प्रतिबंधी कक्षकात शिरतात. अशा दुहेरी ओढीने तो बंध सैल होऊन तुटतो. मुख्य गणातील बहुतेक साध्या संयुगांत या दोन पातळ्यांमधले अंतर मोठे असते, त्यामुळे ही देवघेव जमत नाही.

ते अंतर कमी करण्याचे मार्ग गेल्या वीसेक वर्षांत सापडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील फिलिप पॉवर यांच्या गटाने 2005 मध्ये जर्मेनियमच्या बहुबंध असलेल्या संयुगावर सामान्य परिस्थितीत हायड्रोजन जोडून दाखवला. गी बर्त्रां यांच्या गटाने 2007 मध्ये कार्बीनच्या (दोनच बंध असलेला कार्बन ज्यात असतो अशा संयुगाच्या) एकाच कार्बन अणूवर हायड्रोजन आणि अमोनिया दोन्ही फोडले. माझ्या मते सर्वांत मोठी उडी 2006 ची आहे. डग्लस स्टीफन तेव्हा कॅनडातील विंडसर विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने एकाच रेणूत फॉस्फरस आणि बोरॉन असे बसवले की दोघांभोवतीच्या अवजड गटांमुळे त्यांना एकमेकांशी बंध करता येऊ नये. या संयुगाने साध्या तापमानाला हायड्रोजन घेतला आणि 100 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यावर तो परत सोडला. धातूच्या एका अणूवर असलेले दोन कक्षक इथे दोन वेगळ्या अणूंवर वाटून दिले आहेत. इलेक्ट्रॉन देण्याचे काम फॉस्फरस करतो आणि घेण्याचे बोरॉन.

या कल्पनेचे बीज त्याहून कितीतरी जुने आहे. एच. सी. ब्राउन यांनी 1942 मध्येच नोंदवले होते की 2,6-ल्युटिडीन आणि ट्रायमिथिल बोरेन हे आम्लारी आणि आम्ल असूनही परस्परांशी जोडले जात नाहीत, कारण नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंचे मिथिल गट आड येतात. ते निरीक्षण त्रिमितीय अडथळ्याचे उदाहरण म्हणून शिकवले जात राहिले आणि त्यातली न वापरली गेलेली क्षमता साठ वर्षांहून अधिक काळ कोणी तपासली नाही. जे संयुग बनतच नाही, तेही नोंदवून ठेवावे, यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

22 जुलै 2024

अभिक्रिया निवडली : ॲसिटोफिनोन या कीटोनवर पिनॅकोलबोरेन या बोरॉन-हायड्रोजन बंध असलेल्या संयुगाची भर घालून पुढे पाण्याने 1-फिनाइलइथेनॉल हे अल्कोहोल मिळवणे. उत्प्रेरक म्हणून आधी एन-ब्युटाइल लिथियम घेणार आहोत. अगदी थोड्या प्रमाणात ते ही अभिक्रिया वेगाने घडवते, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही लिथियम आणि कॅल्शियमच्या साध्या संयुगांवर याच प्रकारचे चांगले काम झालेले आहे.

या निवडीच्या मर्यादा सुरुवातीलाच मांडतो. पिनॅकोलबोरेनचे रेणुवस्तुमान 128 आहे आणि त्यातून कीटोनला मिळतो तो एकच हायड्राइड (इलेक्ट्रॉनांची जोडी सोबत असलेला हायड्रोजन). बाकी सर्व वजन शेवटी टाकाऊ भागात जाते. भूकवचात बोरॉन दशलक्षात साधारण दहा भाग इतकेच आहे, जगातील साठ्याचा बहुतांश तुर्कस्तानात आहे, आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात टाकणखार सापडत असला तरी आपला देश बोरॉनची खनिजे आयातच करतो. म्हणजे उत्प्रेरक विपुल मूलद्रव्याचा असूनही क्षपणकारक तसा नाही. तरीही ही अभिक्रिया घेतली, कारण ती साध्या तापमानाला चालते आणि बोरॉन-11 च्या एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या संकेतांवरून रेणूची रचना ओळखण्याच्या तपासणीत) तिचा प्रत्येक टप्पा उघड दिसतो. कोण काय करतो हे शोधायचे असेल, तर असा उघडा रस्ता हवाच. स्वस्त आणि स्वच्छ हायड्रोजन वायूकडे उत्तरार्धात वळू.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता हा या कामाचा खरा शत्रू आहे. काचेची भांडी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून गरम असतानाच निर्वातात घेतली जातात. टेट्राहायड्रोफ्यूरान सोडियम आणि बेंझोफिनोनवर उकळत ठेवले आहे. आधी पिवळट, मग हिरवट असणारे द्रव गडद निळे झाले आणि रात्रभर निळेच राहिले, तेव्हाच ते ऊर्ध्वपातन करून घेतले.

29 जुलै 2024

ब्युटाइल लिथियमची बाटली 1.6 मोलरची असली तरी उघडल्यानंतर ते प्रमाण टिकत नाही, म्हणून दर आठवड्याला डायफिनाइल ॲसिटिक आम्लाशी अनुमापन करण्याचे ठरवले. कोरड्या द्रावकात आम्लाचे पारदर्शक द्रावण ढवळत ठेवायचे आणि सुईने थेंब थेंब लिथियम सोडायचे. प्रत्येक थेंब पडतो तिथे पिवळी रेघ उमटते आणि लगेच नाहीशी होते. आधी आम्लाचा प्रोटॉन निघतो, तो संपल्यावर शेजारच्या कार्बनवरचा निघू लागतो, आणि मग पिवळा रंग टिकतो. तो टिकला की थांबायचे. आजच्या बाटलीत लेबलवरच्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी लिथियम निघाले. उत्प्रेरक अर्धा मोल टक्का (कीटोनच्या दोनशे रेणूंमागे एक) वापरायचा असताना एवढी तफावत निष्कर्षाला धक्का लावू शकते.

पिनॅकोलबोरेनचाही एनएमआर घेतला. 28 पीपीएमजवळ (पीपीएम हे वर्णपटातील रेषेचे स्थान सांगणारे एकक) हायड्रोजनमुळे दुभंगलेली रेषा, म्हणजे मूळ पदार्थ. 22 च्या जवळ ऑक्सिजनशी जोडलेल्या बोरॉनची अगदी लहान रेषा, म्हणजे थोडी ओल लागलेली आहे. ऊर्ध्वपातनानंतर ती लहान रेषा गेली.

5 ऑगस्ट 2024

उत्प्रेरकाविना कोऱ्या अभिक्रिया घेतल्या. बेंझाल्डिहाइड आणि पिनॅकोलबोरेन द्रावकाशिवाय एकत्र ठेवले, तर काही तासांत उत्प्रेरकाविनाच अभिक्रिया पुढे सरकते. हे प्रसिद्ध साहित्यातही आहे. त्यामुळे अल्डिहाइडवर दाखवलेली उत्प्रेरकाची करामत, कोऱ्या अभिक्रियेचा आलेख शेजारी नसेल तर, फारशी विश्वसनीय मानता येत नाही. ॲसिटोफिनोनची कोरी नळी मात्र दुसऱ्या दिवशीही जवळजवळ जशीच्या तशी होती. म्हणून मोजमापे कीटोनवरच करायची, हे पक्के झाले.

12 ऑगस्ट 2024

अर्धा मोल टक्का ब्युटाइल लिथियम घालून पहिली अभिक्रिया. नळी हलवून एनएमआर यंत्रापर्यंत नेईपर्यंत काम संपलेले होते. प्रोटॉन वर्णपटात 2.6 पीपीएमजवळची कीटोनच्या मिथिलची एकेरी रेषा गेली, तिच्या जागी 1.5 जवळ दुहेरी आणि 5.2 जवळ चौपदरी रेषा आली. बोरॉनमध्ये 28 ची जोडी जाऊन 22 ची एकच रेषा उरली. निकाल सुंदर आहे. तो लिथियममुळे मिळाला असे मात्र अजून लिहिलेले नाही, कारण आज सिद्ध झाले ते इतकेच की बाटलीतले काहीतरी अभिक्रिया वेगवान करते.

28 ऑगस्ट 2024

हा महिना ज्या कामासाठी राखला होता, ते आज सुरू झाले. एडिनबरा विद्यापीठातील स्टीफन थॉमस यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवले की अनेक आम्लारी आणि केंद्रकस्नेही पदार्थ पिनॅकोलबोरेनचे विघटन घडवतात, त्यातून बोरॉनला तीन हायड्रोजन जोडलेले मूळ बोरेन तयार होते, आणि अल्काइन व अल्कीन (कार्बन-कार्बन तिहेरी व दुहेरी बंध असलेली संयुगे) यांच्या हायड्रोबोरेशनमध्ये, म्हणजे बोरॉन आणि हायड्रोजन यांची भर घालण्यात, खरे उत्प्रेरकाचे काम तेच बोरेन करते. म्हणजे लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम अशी वेगवेगळी नावे लावून प्रसिद्ध झालेल्या काही उत्प्रेरकांच्या मागे एकच कर्ता असू शकतो. 2017 मध्ये साध्या कॉस्टिक सोड्यानेही ही अभिक्रिया सुरू होते असे प्रसिद्ध झाले होते. तेही या चित्रात बसते.

आम्ही कीटोन न घालता ब्युटाइल लिथियम आणि पिनॅकोलबोरेन एकत्र केले आणि बोरॉनचा वर्णपट घेतला. लिथियमचे प्रमाण यासाठी मुद्दाम बरेच वाढवले होते, नाहीतर लहान रेषा गोंगाटात बुडाल्या असत्या. 34 पीपीएमजवळ एक रुंद रेषा दिसली, म्हणजे ब्युटाइल गट बोरॉनवर जाऊन बसला आहे. उणे 40 च्या जवळ समान अंतरावरच्या पाच रेषांचा नेटका जुडगा दिसला. चार हायड्रोजन एका बोरॉनभोवती असतील तरच असा जुडगा येतो, म्हणजे ते बोरोहायड्राइड आहे. बाटलीतून घातलेले ब्युटाइल लिथियम इथे त्या रूपात उरलेलेच नाही. पडद्यावर तो जुडगा हळूहळू गोंगाटातून वर येताना पाहून पुढचा सगळा क्रम बदलावा लागणार, हे लक्षात आले.

मॅडमनी वर्णपट पाहून एवढेच सांगितले, "काम लिथियमने केलं की बोरॉनने, हे आधी दाखवा. उत्पादनाची टक्केवारी मग बघू."

5 सप्टेंबर 2024

तीन कसोट्या लावल्या. पहिली टीएमईडीएची : हा दोन नायट्रोजनचा पदार्थ मुक्त बोरेनला घट्ट पकडतो. फिनाइल ॲसिटिलीन या अल्काइनवर ब्युटाइल लिथियमने चालणारी अभिक्रिया टीएमईडीए घालताच जवळजवळ थांबली, आणि उणे 10 पीपीएमजवळ त्याच्या बोरेनशी झालेल्या जोडसंयुगाची रेषा आली. अल्काइनच्या बाबतीत काम बोरेनचे आहे, हे आमच्यापुरते स्पष्ट झाले. ॲसिटोफिनोनची अभिक्रिया मात्र टीएमईडीए असतानाही तशीच वेगाने पूर्ण झाली.

यावरून कीटोनचे काम लिथियमचेच आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो काढता येत नाही. टीएमईडीए लिथियमलाही पकडते. शिवाय कीटोनला हायड्राइड देण्यासाठी मुक्त बोरेनची गरजच नाही. ऋणभारित हायड्रिडोबोरेट किंवा बोरोहायड्राइड ते काम थेट करते, आणि त्यांना टीएमईडीए अडवत नाही. म्हणून दुसऱ्या कसोटीत ब्युटाइल लिथियमऐवजी लिथियम बोरोहायड्राइड तितक्याच प्रमाणात घातले. वेग तोच आला. तिसऱ्या कसोटीत लिथियमला क्राउन इथरच्या कड्यात बांधून ठेवले. अभिक्रिया मंदावली, पण चालू राहिली.

माझे आजचे मत असे आहे : कीटोनच्या अभिक्रियेत हायड्राइड वाहून नेणारा बोरेट आयन हा मुख्य कर्ता आहे आणि लिथियम कीटोनच्या ऑक्सिजनला धरून त्याला मदत करते. ब्युटाइल लिथियम हे सुरुवात करून देणारे संयुग आहे. अहवालात तक्त्याचा मथळा याप्रमाणे बदलला.

19 सप्टेंबर 2024

गणपतीच्या सुट्ट्यांनंतर आयसीपी-एमएसची (धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची) वेळ मिळाली. संक्रमणी धातूंचा माग शिल्लक नाही ना, हे तपासण्यासाठी सर्व अभिकारक, द्रावक आणि संपलेल्या अभिक्रियेचे नमुने दिले आहेत. ही तपासणी केवळ औपचारिकता म्हणून करायची नसते, हे दाखवणारा इतिहास या क्षेत्रात आहे. निकोलस लेडबीटर यांच्या गटाने 2003 मध्ये संक्रमणी धातूविना सुझुकी जोडणी (एरवी पॅलेडियमने घडवली जाणारी कार्बन-कार्बन जोडणी) होते असे प्रसिद्ध केले, आणि 2005 मध्ये त्यांनीच पुन्हा तपासून सांगितले की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात 50 भागांइतके पॅलेडियम होते आणि ते या कामाला पुरेसे होते. आपलाच दावा इतक्या बारकाईने पुन्हा तपासून प्रसिद्ध करणे मला मोठे काम वाटते. 2009 मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी लोखंडाच्या नावावर जमा झालेल्या काही अभिक्रियांमागे तांब्याचा माग असू शकतो, हे दाखवले. ढवळण्याच्या चुंबकाच्या टेफ्लॉन आवरणातल्या सूक्ष्म भेगांतही जुन्या अभिक्रियांचे धातू अडकून राहतात, हेही 2019 मध्ये रशियातील ॲनानिकोव्ह यांच्या गटाने दाखवले आहे. म्हणून या प्रकल्पासाठी नव्या कुप्या आणि नवे चुंबक बाजूला काढले आहेत आणि पॅलेडियमचे काम चालणाऱ्या टेबलावर ते न्यायचे नाहीत, असा नियम केला आहे.

30 सप्टेंबर 2024

धातूंचे निकाल आले. पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम आणि निकेल यंत्राच्या मोजमापाच्या किमान मर्यादेच्याही खाली आहेत. लोखंडाचा थोडा माग आहे. त्या प्रमाणात लोखंडाचे क्लोराइड मुद्दाम घालून कोरी अभिक्रिया केली आणि वेगात फरक पडला नाही.

14 ऑक्टोबर 2024

हायड्रोजन वायूकडे वळलो. ट्रिस-पेंटाफ्लुओरोफेनिल बोरेन, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण बीसीएफ म्हणतात, उत्प्रेरक म्हणून घेतले आणि नायट्रोजनवर तृतीयक ब्युटाइल गट असलेली इमीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेले संयुग) निवडली. इथे फॉस्फिनची गरज नाही, कारण इमीन स्वतःच आम्लारीची बाजू सांभाळते : हायड्रोजन फुटतो, प्रोटॉन इमीनवर जातो, हायड्राइड बोरॉनवर जातो आणि मग तिथून इमीनच्या कार्बनवर उतरतो. नायट्रोजनवरचा अवजड गट अत्यावश्यक आहे. तो लहान असेल, तर तयार झालेली अमीन बोरॉनला चिकटून बसते आणि चक्र थांबते. धातूच्या उत्प्रेरकाला लहान-मोठ्या दोन्ही इमीन चालतात. उद्योगात या पद्धतीचा प्रसार मर्यादित राहण्याचे हे एक खरे कारण आहे, आणि ते सांगताना मुख्य गणाच्या बाजूने असलेल्या आम्हा लोकांनी आढेवेढे घेऊ नयेत.

पाण्याचा प्रश्न इथे अधिक कठीण आहे. बीसीएफला पाण्याचा एक रेणू जोडला गेला की हायड्रोक्लोरिक आम्लाच्या तोडीचे प्रबळ आम्ल तयार होते. ते आम्लही काही अभिक्रियांचे उत्प्रेरण करते, म्हणून बोरॉनच्या नावावर प्रोटॉनचे काम जमा होण्याचा धोका इथेही आहे. 2,6-डायटर्शरीब्युटाइल पिरिडीन घातलेली जोड अभिक्रिया प्रत्येक वेळी समांतर चालवत आहोत. अवजड गटांमुळे ते बोरॉनला धरू शकत नाही, प्रोटॉनला मात्र धरते. ते असतानाही हायड्रोजनीकरण चालू राहिले.

11 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा कॅल्शियमच्या तयारीत गेला. जर्मनीतील एर्लांगेनच्या स्योर्ड हार्डर यांच्या गटाने 2018 मध्ये कॅल्शियम, स्ट्राँशियम आणि बेरियमच्या साध्या अमाइडांनी (धातूला नायट्रोजन जोडलेल्या संयुगांनी) इमीनचे हायड्रोजनीकरण 80 अंशांना आणि वातावरणाच्या काही पटींपेक्षा अधिक नसलेल्या दाबाला केले. गणात खाली जाऊ तसतशी क्रियाशीलता वाढते. चुनखडीच्या रूपाने डोंगरच्या डोंगर पडून असलेले मूलद्रव्य, हायड्रोजन हाच क्षपणकारक आणि फ्लुओरीनचे महाग गट नाहीत. 22 जुलैला लिहिलेल्या सर्व आक्षेपांना यात उत्तर आहे. बीसीएफमध्ये बोरॉनच्या एका अणूसाठी फ्लुओरीनचे पंधरा अणू खर्च होतात, आणि भूकवचातील टक्केवारीच्या कोणत्याही तक्त्यात ती किंमत दिसत नाही. कॅल्शियम अमाइड हवेत क्षणभरही टिकत नाही, ही त्याची किंमत. पण कोरड्या पेटीत (हवा आणि ओल नसलेल्या बंद पेटीत) काम करायची सवय आता हाताला झाली आहे, आणि हवाही कोरडी झाली आहे.

2 डिसेंबर 2024

अंतरिम अहवालाचा तक्ता आज पूर्ण केला. प्रत्येक उत्प्रेरकापुढे आता पाच रकाने आहेत : कोरी अभिक्रिया, टीएमईडीए कसोटी, प्रोटॉन पकडण्याची कसोटी, धातूंचा माग, आणि उत्प्रेरकासह क्षपणकारकाचे एका मोलमागे पडणारे वजन. उत्पादनाची टक्केवारी त्यानंतर येते. ब्युटाइल लिथियमच्या ओळीत कीटोन आणि अल्काइन वेगवेगळे लिहिले आहेत, कारण कर्ते वेगळे आहेत. बीसीएफच्या ओळीत पहिला आणि शेवटचे तीन रकाने भरले आहेत. टीएमईडीएचा रकाना तिथे लागू नाही, कारण क्षपणकारक हायड्रोजन आहे आणि पिनॅकोलबोरेन वापरलेलेच नाही.

कॅल्शियमची ओळ रिकामी आहे. दाबपात्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळणार आहे. तोपर्यंत कॅल्शियम अमाइड ताजे तयार करून त्यातला पोटॅशियमचा अंश मोजायचा आहे, कारण ते पोटॅशियम अमाइडपासून बनते आणि उरलेले पोटॅशियम स्वतःच आम्लारी म्हणून काम करू शकते.